दैवाचा नंबर पाचवा

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणं म्हणजे साधनं, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवं दैव. क्रम नीट बघा. आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर तो उलटा लागतो. होडीचं मशीन फडफडायला लागलं की पहिलं नाव दैवाचं, मग नजरेचं, मग करणीचं. आणि टाकीत काय ओतलं जातं हे विचारायची वेळ आली की सगळे समुद्राकडे बघतात.

माझे वडील भिक्षुकी करायचे. त्यांनी लहानपणी माझ्याकडून ‘तर्कसंग्रह’ घोकून घेतला. पोट मात्र मी आऊटबोर्ड मशिनांवर भरलं. इथली मासेमारी करणारी गाबीत मंडळी मला अजून ‘भटजीनू’ म्हणतात, अर्धं मानानं, अर्धं थट्टेनं. मला स्वतःला दोन धंद्यांत फार अंतर वाटत नाही. ‘तर्कसंग्रह’ लिहिणारा अन्नंभट्ट डोंगरावरचा धूर बघून विस्तव ओळखायला शिकवतो, आणि माझ्यासमोर धूर रोजच असतो.

गेल्या हंगामात देवबागच्या एका घरातून निरोप आला. दोन सिलेंडरचं टू-स्ट्रोक मशीन, मंद चालीवर अडखळायचं, वेग दिला की एका सिलेंडरवर आल्यासारखं ओढायचं. नवे प्लग टाकले की चार दिवस बरं, पुन्हा तेच. मी पोचलो तेव्हा होडी चालवणाऱ्या मुलाच्या आईनं निदान करून ठेवलेलं होतं. “भटजीनू, ही घरात इली आणि मशीन बसला. पायगुण, दुसरा काय?” ही म्हणजे नवी सून. ती पडवीत मासे साफ करत होती, ऐकत होती. देवळात कौलही लावून झाला होता आणि कळा उजवा पडला होता, म्हणजे देवाचा होकार आला होता.

मी काही बोललो नाही, प्लग काढले. प्लग हा मशीनचा साक्षीदार, फक्त त्याची जबानी वाचता यायला हवी. टोकाशी फिकट तपकिरी रंग असेल तर सगळं ठीक. कोरडी, हाताला लागणारी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, हवा कमी. चोक अडकला आहे का बघा. पांढराफटक आणि फोड आल्यासारखा असेल तर मशीन तापतंय, मिश्रण पातळ आहे. इथले दोन्ही प्लग काळे, ओले, तेलकट होते. खालच्या सिलेंडरचा तर इतका, की दोन टोकांमधली फट तेलानं बुजून ठिणगी पडायला जागाच उरली नव्हती.

आता अन्वय आणि व्यतिरेक. कारण असेल तिथे कार्य असतं, ते काढलं की कार्यही जातं, एवढंच त्यांचं म्हणणं. वरचा प्लग खाली घातला, खालचा वर. मशीन सुरू केलं, तर अडखळणं वर गेलं. दोष प्लगाबरोबर फिरला, म्हणजे आजचा गुन्हेगार प्लगच. “मगे प्लग बदलूया,” मुलगा म्हणाला. पण तो गेला महिनाभर तेच करत होता. प्लग काळा होतो हे खरं. प्लगाला काळं कोण करतं हा प्रश्न वेगळा. ज्याच्या अंगावर दोष दिसतो त्याच्यावरच खापर फोडून मोकळं व्हायची सवय आपल्याला फार जुनी आहे. मशिनापुरती ती दर चार दिवसांनी दोन प्लगांच्या खर्चाची असते. घरात तिची किंमत माणसं देतात.

मग उरलेलं तपासलं. दोन्ही वायरींना ठिणगी निळी, करकरीत. कॉम्प्रेशन वर-खाली सारखं. चोक मोकळा. एकेक नाव गळत गेलं. वात्स्यायन न्यायसूत्रांवरच्या भाष्यात शेषवत् अनुमानाचा एक अर्थ देतो तो हाच, परिशेष: बाकीचं सगळं नाकारल्यावर उरतं ते. इथे उरलं इंधन आणि मशीन चालवायची रीत.

इंधन मिसळून दाखव म्हटलं. या मशीनला 50 भाग पेट्रोलला एक भाग तेल लागतं, म्हणजे 20 लिटरच्या डब्याला 400 मिली. पोरानं लिटरची बाटली उचलली आणि जवळजवळ रिकामी केली. मशीन जपायचं म्हणून! मशीन लग्नाच्या कर्जात अडकलेलं, ते बिघडलं तर हप्ता कुठून भरणार, म्हणून तेल सढळ हातानं. आणि रीत? आधी तो जाळी घेऊन लांब जायचा, भरधाव जाणं, भरधाव येणं. लग्नानंतर हप्ते सुरू झाले तशी जाळी ठेवून पर्यटक धरले. डॉल्फिन दाखवायचे म्हणजे तासन्‌तास मंद चाल. प्लगाचं टोक साधारण 450 अंश सेल्सिअसपर्यंत तापलं तरच त्याच्यावरची काजळी आपोआप जळते. मंद चालीत ते तेवढं तापतच नाही. वर तेलाचा हा पूर. प्लग काळा पडला नसता तरच नवल. एक आकडा गरम प्लग घालता आला असता, पण तो परतताना भरधाव चालीत पिस्टनच्या जिवावर उठतो. तेल मोजा आणि डॉल्फिन दाखवून झाले की मोकळ्या पाण्यात थोडा वेळ चांगला वेग द्या, एवढंच सांगितलं.

म्हणजे लग्नाचा आणि मशिनाचा संबंध होता की नाही? होता. नैयायिक इथे एक गाढव आणून उभं करतात. मडकं घडण्याआधी कुंभाराच्या दारात माती वाहणारं गाढव असतं; पण ते मडक्याचं कारण नव्हे, अन्यथासिद्ध आहे. माती दुसऱ्या कशावरूनही आली असती. (सुनेला गाढवाच्या रांगेला बसवतोय असं कृपा करून समजू नका, तिला या रांगेतून बाहेर काढायचीच ही खटपट आहे.) लग्न आधी झालं, मशीन नंतर बिघडलं. मध्ये कर्ज होतं, भीती होती, बाटली होती, मंद चाल होती. ही सगळी खरी कारणं त्या घरातल्या पुरुषांच्या हातात होती, आणि नाव लागलं ते होडीत कधी पायही न ठेवलेल्या मुलीचं.

“मगे कौल खोटो?” म्हातारीनं विचारलं. प्रश्न खरा होता. मी देवळात जाणारा माणूस, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देणारा. मी विचारलं, देवाला काय विचारलंत? म्हणाली, सुनेचा पायगुण लागलो काय, ता. तेल जास्त पडता काय, असं विचारलं होतंत? नाही. कौलात देव हो किंवा नाही एवढंच सांगतो. प्रश्न माणसाचा असतो, आणि तो प्रश्न आधीच ठरलेला होता. जे प्लगाच्या टोकावर लिहिलेलं आहे ते देवाला विचारायला जाणं ही मला तरी श्रद्धा वाटत नाही. तो कामचुकारपणा आहे, आणि त्यात देवाला साक्षीला ओढणं हा वर अपमान.

दैव नाहीच, असं मी म्हणणार नाही. गीता पाचवं का होईना, त्याला जागा देते. शंकराचार्य तर तिथे दैव म्हणजे इंद्रियांना साहाय्य करणाऱ्या आदित्यादी देवता असं सांगतात. नशीब, साडेसाती, पायगुण यांपैकी काहीही नाही. डोळ्याला दिसतं ते सूर्याच्या कृपेनं, हे मान्य. पण त्या कृपेनं मिळालेले डोळे उघडून प्लग तरी बघायचा! आणि लगेच पुढे, आपणच एकटे कर्ते असं समजणाऱ्याला गीता दुर्मती म्हणते. ते माझ्यासारख्या मेकॅनिकसाठी असावं. भर समुद्रात वाऱ्यानं दिशा बदलली तर माझा पाना काय करणार? चार कारणं तपासून हात टेकले की मी पाचव्यापुढे हात जोडतो. चार न तपासता जोडलेले हात मला पटत नाहीत.

मशीन आता नीट चालतं. डब्यावर 400 मिलीची खूण केलेलं माप लटकतं, आणि ते त्या मुलीनंच आणलं आहे. तुमच्या घरातही कुणाच्या पायगुणावर असं काही ढकललं असेल, तर एकदा माप घेऊन बसा. आणि त्या माणसाची माफी मागायची राहिली असेल तर मागून टाका. देवबागच्या त्या घरात ती अजून कुणी मागितलेली नाही.