वरच्या खोलीचं भाडं

आप्पांचं वर्षश्राद्ध व्हायच्या आधीच आईने मिरजेच्या घराची वरची खोली नर्सिंगच्या दोन मुलींना भाड्याने दिली. आम्हाला विचारलं नाही. फाटकाला खडूने लिहिलेली पाटी अडकवली: ‘मुलींसाठी खोली. पाण्याची सोय. अंडी चालतील.’ आप्पा असते तर तिसरं वाक्य पाटीवर आलं नसतं. मिरजेत खोलीला गिऱ्हाईक लगेच मिळतं. १८९४ साली वानलेस डॉक्टरांचं रुग्णालय उभं राहिलं तेव्हापासून हे दवाखान्यांचं गाव. शिकाऊ नर्सेस, मेडिकलची पोरं, पेशंटची माणसं, सगळ्यांनाच डोक्यावर छप्पर लागतं. मला बेंगळुरूत ही बातमी कळली, आनंद झाला. ताई आईपासून दोन गल्ल्या सोडून राहते. तिला झाला नाही.

“तुला आनंद कशाचा झाला, ते तर सांग,” श्राद्धाला आलो तेव्हा तिने विचारलं.

“सत्तरीला आली ती. पहिल्यांदाच कुणाला न विचारता काहीतरी ठरवलं.”

“पहिल्यांदा? आप्पा चांदोलीच्या धरणावर होते तेव्हा हे घर बांधून घेतलं कुणी? गवंड्याशी भांडलं कोण? आप्पा शनिवारी यायचे आणि जोत्यावर उभं राहून छान झालंय म्हणायचे.”

“आणि उताऱ्यावर नाव लागलं आप्पांचं.”

“नाव आप्पांचं, हुकूम तिचा. आई आता मोकळी झाली म्हणून तू लोकांना सांगत फिरतोस ना, मला ते ऐकवत नाही. मोकळी कशातून? आप्पा काय तुरुंग होते?”

याला चटकन उत्तर सुचलं नाही. मेलेल्या माणसाला न दुखवता त्याच्या बायकोचं कौतुक करणं अवघड असतं. तुरुंग ते नव्हतेच. पण सातच्या ठोक्याला ताटात गरम भाकरी पडायला हवी, आणि एक संपता संपता दुसरी तव्यावर फुगलेली हवी, हा शिरस्ता घरात पन्नास वर्षं चालला. आई शेवटी जेवायची, तेव्हा तिची भाकरी गार झालेली असे. आता ती संध्याकाळी गॅसच पेटवत नाही. चुरमुरे, भाजलेल्या शेंगा, वाटीभर ताक, आणि समोर टीव्ही.

हे मी ताईला मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

“एकटीपुरती भाकरी थापायचा तिला कंटाळा येतो, त्याला तू स्वातंत्र्य म्हणतोस,” ती म्हणाली. “चार किलो वजन उतरलंय तिचं. डॉक्टर मला बोलले. तुला नाही.”

मग मी हेरवाड काढलं. शेजारच्या शिरोळ तालुक्यातलं गाव. २०२२च्या मे महिन्यात तिथल्या ग्रामपंचायतीने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. त्याच महिन्यात सरकारने राज्यभर परिपत्रक पाठवलं. काळ बदलतोय, असं काहीसं मला म्हणायचं होतं.

“चांगलाच ठराव. आईच्या बांगड्यांना मी कुणाला हात लावू दिला नाही, तेव्हा तू अजून विमानात होतास. पण रात्री दोनला चक्कर आली तर हाक कुणाला मारायची, ते ठरावात नसतं.”

“वर दोन नर्सेस आहेत की.”

“शिकाऊ. आणि त्यांना नाइट ड्यूटी असते.”

“मग रात्रीला एखादी बाई ठेवू. पैसे मी देतो.”

“विचारलं मी. नको म्हणाली. घरात परकं माणूस रात्री घोरलेलं तिला चालत नाही. आता ती नको म्हणते हा तिचा हक्क. आणि ती नको म्हणाली की मी जाते. हा कुणाचा हक्क?”

मी म्हटलं, कुणावर अवलंबून नाही असं माणूस जगात नसतंच. कुणावर अवलंबून राहायचं हे ज्याचं त्याला ठरवता आलं, की तो स्वतंत्र.

“वाक्य बरं आहे. लेखात घाल. सिलिंडर संपला की नवा कोण बसवतं, तेही घाल खाली.”

इथे आमची गाडी रुतली. मी कुठूनही बाहेर पडू लागलो की ताई सिलिंडरवर आणून सोडायची. बिलं, बीपीच्या गोळ्या, पेन्शनसाठी नोव्हेंबरातला हयातीचा दाखला, टाकीचा बिघडलेला बॉलकॉक. तिची यादी लांबत गेली आणि माझे मुद्दे आखूड होत गेले. १८९६ साली कर्व्यांनी विधवांसाठी संस्था काढली ती बायांनी शिकून स्वतःच्या पायावर उभं राहावं म्हणून, हे मी बोललो. ताई म्हणाली, “आईला पाय आहेत. पायांना संधिवात आहे.”

माझं मत तरीही बदललेलं नाही. आईला सांभाळायचं असेल तर ती सांगेल तसं सांभाळावं, आपल्या सोयीने तिला हलवू नये. पण हे मत बेंगळुरूत फुकट पडतं आणि मिरजेत त्याची किंमत मोजावी लागते, हे ताईचं म्हणणं मला खोडता येत नाही.

मध्येच भलताच विषय निघाला. भाडेकरार नोंदवावा लागतो. नोंदवला नाही तर घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एजंटने उतारा पाहिला आणि हात वर केले. घर आप्पांच्या नावावर, मृत्युपत्र नाही, म्हणजे आई, ताई, मी असे तीन वारस आणि तिघांचा वाटा सारखा. इतर दोघांची लेखी संमती आणा म्हणाला. आई भडकली. माझ्या घराला तुमच्या सह्या कशाला?

“तिचं बरोबर आहे,” मी म्हणालो. “१९३७च्या कायद्याने विधवेला वाटा दिला, पण तो हयातीपुरता. पुरी मालकी १९५६ साली आली. आता ती तिसऱ्या हिश्शावर का अडावी? आपण दोघं हक्कसोडपत्र करून देऊ.”

“तुला सोपं आहे. तुझा तिकडे फ्लॅट आहे. मी हक्क सोडला तरी कामं सुटत नाहीत.”

“म्हणजे तुला वाटा हवाय?”

“हवाय. त्याच कायद्याने मुलीलाही दिलाय. तू आईपुरताच वाचलास.”

दाजी आतून चहा घेऊन आले आणि पुन्हा आत गेले.

ताईने हक्कसोड केलं नाही. भाडेकराराला मात्र संमती दिली, कागद माझ्यासमोरच सही करून टेबलावर ठेवला. एका अटीवर: दर महिन्याचा दुसरा आठवडा मी मिरजेत यायचं, लॅपटॉप घेऊन, आणि त्या आठवड्यात आईचा एकही फोन तिच्याकडे जाता कामा नये. आईला ही अट आम्ही सांगितलेली नाही; मुलगा महिन्याला आठवडाभर येऊन राहणार हे तिला चालेल की नाही, हेही कुणी विचारलेलं नाही. ताईची सही झाली आहे. माझी बाकी आहे, आणि मी उत्तर देईपर्यंत ताई कागद एजंटकडे पाठवणार नाही.