पाना कुणाच्या हातात

उन्हाळ्यात पाण्याखालचं पळसनाथाचं जुनं मंदिर उघडं पडायला लागलं की पळसदेवच्या शेतकऱ्यांची धावपळ सुरू होते. ११७ टीएमसीचं उजनी धरण, पण पाणी मागं सरलं की मोटार, केबल, पाइप सगळं घेऊन त्याच्या मागं जावं लागतं. एखाद्या रात्री मोटार उघडी पडली आणि कोरडीच फिरली, तर सकाळी सील जळालेलं.

तिथल्याच एका इंजिनियर पोरानं यावर उपाय म्हणून एक डबा केला. आत एक छोटी चिप आणि तिच्यावर फ्रीआरटीओएस नावाचं कर्नल. चिप एकच, कामं तीन, आणि कुठलं काम कधी चालवायचं हे कर्नल ठरवणार. पहिलं काम राखणीचं: करंट मोजायचा, ॲम्पिअर उतरले की मोटार बंद करायची. त्याला प्राधान्य तीन. दुसरं मोबाइलवर मेसेज पाठवायचं, त्याला दोन. तिसरं नोंदी मेमरीत लिहायचं, त्याला एक. फ्रीआरटीओएसमध्ये आकडा मोठा तो मानानं मोठा. करंट मोजणारा सेन्सर आणि मेमरी दोन्ही एकाच वायरीवर, म्हणून वायरीला कुलूप घातलेलं. एकानं घेतलं की दुसऱ्यानं थांबायचं.

घरी टेबलावर डबा झकास चालला. पाण्याकाठी मात्र एका रात्री मोटार कोरडी चालून जळाली.

पोरानं राखणीचं प्राधान्य तीनवरून पाच केलं. पुन्हा तेच झालं. आपल्याकडं काम अडलं की आधी हुद्दा वाढवायची सवय आहेच, ती प्रोग्राममध्येही उतरते.

खरी गोम वेगळीच होती. नोंदीवाल्यानं कुलूप घेतलं, तेवढ्यात मेसेजवाला जागा झाला. तो मानानं मोठा, म्हणून कर्नलनं नोंदीवाल्याला अर्ध्यावर थांबवलं. काठाला रेंज नाही; मेसेजवाला मोडेमला ‘झालं का, झालं का’ विचारत चिप अडवून बसला. नोंदीवाल्याला चिप मिळेना म्हणून कुलूप सुटेना, आणि कुलूप सुटेना म्हणून राखणदार ताटकळत. पाच काय, पन्नास आकडा दिला असता तरी फरक पडला नसता.

हे दुखणं मंगळापर्यंत जाऊन आलेलं आहे. ४ जुलै १९९७ ला नासाचं पाथफाइंडर मंगळावर उतरलं आणि काही दिवसांत त्याचा संगणक आपोआप रीसेट व्हायला लागला. तिथं व्हीएक्सवर्क्स नावाचं कर्नल होतं. हवामानाच्या नोंदी घेणाऱ्या कनिष्ठ कामाकडं कुलूप, मधल्या कामांनी त्याला दाबलेलं, आणि माहिती वाहणाऱ्या बसची व्यवस्था बघणारं मोठ्या मानाचं काम खोळंबलेलं. पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर दोष पकडला आणि इथूनच एक सोय चालू केली: कुलूप ज्याच्या हातात, त्याला थांबलेल्या मोठ्याचा मान द्यायचा, कुलूप सोडेपर्यंत. पोरानंही कुलूप म्हणून वापरलेला बायनरी सेमाफोर काढून म्युटेक्स घातला, कारण फ्रीआरटीओएसमध्ये ही सोय म्युटेक्सला असते, सेमाफोरला नसते. शिवाय मेसेजवाल्याला मोडेमच्या उत्तराची वाट झोपून बघायला लावली. डबा सुधारला.

माणसांचं एवढ्यावर भागेना. पाइपलाइन सामाईक. उसाच्या नव्या लागणीचा मान पहिला, मग मका, शेवटी खोडवा. वॉल्व्हचा पाना ज्याच्या हातात, त्याचं दारं संपेपर्यंत पाणी त्याचं. अर्ध्यावर तोडलं तर भिजलेलंही वाया जातं. त्या आठवड्यात पाना खोडवावाल्याकडं होता. तो मकेवाल्याकडं रोजानं जाणारा. मकेवाल्यानं हाक मारली की त्याला दारं तसंच टाकून जावं लागे. आणि गावातला मोठा बागायतदार, ज्याच्या लागणीची आंबवणी राहिलेली, बांधावर बसून शिव्या घालत होता.

पोरगा म्हणाला, “दादा, पाना हातात आहे तोवर त्याला तुमचा मान द्या.”

“माझा मान? त्याला?” दादा उसळले. “मी कोण हाय, त्यो कोण हाय!”

पुढच्या पाळीला दादा आणखी मोठ्यानं ओरडले. पाणी काही लवकर आलं नाही. सरीतल्या बेण्याचे डोळे वाळायला लागले.

त्याच्या पुढच्या पाळीला लाइट रात्रीची होती. दादा काही न बोलता मकेवाल्याच्या दारात गेले. “आज त्याला हाक मारायची असंल तर मला मार. मी येतो वझी उचलायला.” मकेवाला काय बोलणार! मग दादा फावडं घेऊन खोडव्यात उतरले. एका टोकाला खोडवावाला, दुसऱ्या टोकाला दादा. तो सरी फोडायचा, दादा भरलेली बांधायचे. “दादा, तुमी कशाला,” असं तो दोनदा म्हणाला. दादांनी “बोलू नको, पाणी बघ,” एवढंच सांगितलं. लाइट जायच्या बऱ्याच आधी खोडवा भिजून झाला.

खोडवावाल्यानं हात चड्डीला पुसले आणि पाना पुढं केला. “घ्या दादा. आता मकेवाल्यांची हाक आली तर मला जावं लागंल.”

“जा की,” दादा म्हणाले आणि लागणीचा वॉल्व्ह फिरवायला लागले.