‘चोरली’ ती कोणाची वस्तू? बागुलांची कथा आणि आपले चौथे शील



आपण प्रत्येक वंदनेला पंचशील ग्रहण करतो आणि चौथ्या शीलात खोटे बोलण्यापासून अलिप्त राहण्याची शिकवण स्वीकारतो. मग फ्रीमाँटमधल्या एखाद्या घरी जेवणाच्या वेळी कोणी सहज विचारते, “तुमचं पूर्ण आडनाव काय? मूळचे कुठले? घरी व्हेज की नॉनव्हेज?” हे प्रश्न कुठे निघाले आहेत ते आपल्याला लगेच कळते. काहीजण सरळ उत्तर देतात, काहीजण जिल्ह्याचे नाव सांगून विषय बदलतात. विषय बदलणाऱ्याने शील मोडले का? या प्रश्नाचा विचार करायला एक मराठी कथा फार मदत करते: बाबूराव बागुल यांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’.

१९६३ साली याच नावाचा कथासंग्रह आला आणि मराठी कथेचा सूर बदलून गेला. कथेचा निवेदक मुंबईचा शिकलेला दलित तरुण. रेल्वेच्या नोकरीसाठी तो सुरतजवळच्या उधन्याला जातो. जातीची विचारणा होते तेव्हा तो जात सांगत नाही. नव्या भारताचा नागरिक बोलावा तसे बोलतो. ऐकणारे त्याला आपोआप वरच्या जातीचा ठरवतात. रामचरण तिवारी त्याला मान देतो, घरी जेवायला बोलावतो. खरी जात कळते तेव्हा तीच माणसे त्याला मारतात. त्याला वाचवतो काशीनाथ, जो जात लपवत नाही आणि कोणी अंगावर आले तर भिडतो. यांचा मार का खाल्लास, असे तो विचारतो, तेव्हा निवेदकाचे बोट मारणाऱ्यांकडे जात नाही, मनूकडे जाते.

आता शीर्षकातले क्रियापद पाहा. बागुलांनी ‘लपवली’ म्हटलेले नाही, ‘चोरली’ म्हटले आहे. चोरी म्हणजे दुसऱ्याचे, न दिलेले घेणे. आपल्या दुसऱ्या शीलाचा, अदिन्नादानाचा, हाच विषय. निवेदकाने घेतले तरी काय? डोक्यावर छप्पर, ताटातले अन्न, बोलण्यातला आदर. यातली कोणती वस्तू एखाद्या जातीच्या मालकीची होती? माणूस म्हणून जे त्याचेच होते ते मिळवायला त्याला चोरासारखे वागावे लागले. ‘चोरली’ हा शब्द समाजाच्या तोंडचा आहे. बागुल तो निवेदकाच्या तोंडी घालतात आणि वाचकाला विचारायला लावतात की खरा चोर कोण.

पण म्हणून निवेदक अगदी निर्दोष आहे, असेही कथा म्हणत नाही. त्याने शब्दाने खोटे सांगितले नसेल. समोरच्याचा गैरसमज मात्र त्याने राहू दिला. धम्मात कर्माचे वजन चेतनेवर, म्हणजे हेतूवर ठरते. गैरसमज राहावा हा हेतू त्याच्या मनात होता आणि तो त्याला आतून पोखरतो. काशीनाथ समोर आल्यावर ही घालमेल वाढते.

काशीनाथचे पात्र वाचताना एक मोह टाळायला हवा. त्याला ‘शूर’ आणि निवेदकाला ‘भित्रा’ ठरवून मोकळे होणे सोपे आहे. बागुल तसे करत नाहीत. काशीनाथ निवेदकाला वाचवतो, त्याचा न्याय करत बसत नाही. उघड बोलणाऱ्याने गप्प बसणाऱ्याचे काय करावे, याचे उत्तर या एका कृतीत आहे.

निवेदकाला जात लपवावी लागते ती प्रथम राहायला जागा हवी म्हणून. तशीच जागा १९१७ साली बाबासाहेबांना बडोद्यात हवी होती. परदेशातून शिकून, बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला ते तिथे गेले, तेव्हा पारशी नाव नोंदवून एका पारशी धर्मशाळेत राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे आली आणि त्यांना बाहेर पडावे लागले. मित्रांनीही आसरा दिला नाही. मुंबईची गाडी येईपर्यंत त्यांनी एका बागेत वेळ काढला. विषय बदलणारा आपला बंधू शीलभ्रष्ट ठरवायचा असेल, तर बडोद्याच्या त्या अकरा दिवसांना काय म्हणायचे?

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेची चर्चा करताना तत्त्व आणि नियम यांत फरक केला आहे. तत्त्व माणसाला विचार करून वागण्याची मोकळीक ठेवते, नियम ती ठेवत नाही. चौथे शील असेच वाचले पाहिजे. तत्त्व आपल्याला विचारते: हे मौन कशासाठी आहे आणि त्याची किंमत कोण देतो? घर आणि नोकरी टिकवण्यासाठी पाळलेले मौन हे दुःख आहे. त्याची किंमत आपणच मोजतो, आणि दुःखी माणसाला दोष देणे हा धम्म नव्हे. पण टेबलावर आरक्षणावरून विनोद होतो, एखाद्या नव्या सहकाऱ्याचे आडनाव कुजबुजीत फिरते, आणि आपण ओळखले जाऊ नये म्हणून त्या हसण्यात सामील होतो, तेव्हा किंमत दुसरा मोजतो. तिथे शील मोडते. शब्द एकही खोटा नसला तरी मोडते.

ऐकणाऱ्याची जबाबदारीही विसरू नका. प्रकृतीची कथा आपण सर्वजण जाणतो. आनंद पाणी मागतात, ती आपण चांडाळकन्या असल्याचे सांगते, आणि ते म्हणतात की मी पाणी मागितले, जात विचारली नाही. प्रकृती सत्य बोलली आणि तिला मार बसला नाही, कारण समोर आनंद होते. उधन्याच्या निवेदकासमोर तिवारी होता. सत्य बोलणे सुरक्षित करण्याचे काम ऐकणाऱ्याचेही असते.

हे काम कायद्याने थोडे सोपे होते. सिस्को कंपनीविरुद्ध कॅलिफोर्निया राज्याने जून २०२० मध्ये जातिभेदाचा दावा दाखल केला, तेव्हा खाडीभागात या विषयावर उघड बोलणे सुरू झाले. कंपनीने आरोप नाकारले, आणि दोन अभियंत्यांवरील दावा राज्याने २०२३ मध्ये मागे घेतला. त्याच वर्षी आपल्या भागाच्या सिनेटर आयशा वहाब यांनी मांडलेले एसबी ४०३ विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झाले; सध्याचे कायदे पुरेसे आहेत असे म्हणून गव्हर्नर न्यूसम यांनी ऑक्टोबरमध्ये त्यावर नकाराधिकार वापरला. विधेयकाच्या सुनावणीत आपले जे लोक नाव घेऊन बोलले, त्यांना हे शब्द उच्चारताना काय पणाला लावावे लागले असेल, ते आपण जाणतो.

तरी एक जागा अशी आहे जिथे गव्हर्नरचा नकाराधिकार चालत नाही, ती म्हणजे आपले घर. बडोद्याचा प्रसंग बाबासाहेबांनी पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये स्वतः लिहिला, आणि तोही परदेशी वाचकांना अस्पृश्यता कळावी म्हणून. ज्या परक्यांपासून आपण गोष्ट लपवतो, त्यांच्यासाठीच त्यांनी ती सांगितली. बागुलांनी ‘चोरली’ हे कथेच्या नावातच छापले. जात लपवावी लागणे दोघांनाही ठाऊक होते. दोघांनी त्यावर लेखणी चालवली आणि लाज जिथे असायला हवी तिथे परत पाठवली.

म्हणून एक विनंती. पुढच्या महिन्यात ही कथा घरी वाचा. मुलांना मराठी जड जात असेल तर जेरी पिंटो यांचा २०१८ चा इंग्रजी अनुवाद आहे. वाचून झाल्यावर ‘तात्पर्य काय’ असे विचारू नका. त्यांना विचारा की निवेदकाने नक्की काय चोरले, काशीनाथ त्याला रागावला का नाही, आणि तिवारीच्या जागी तुम्ही असता तर जेवणाचे ताट पुढे ठेवले असते का. मग तुमच्या आजोबांना गावात पाणी कुठून मिळायचे, ते सांगा. आपल्या मुलांनी ही गोष्ट परक्याच्या तोंडून, विनोदाच्या रूपात, प्रथम ऐकू नये.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम, नमो बुद्धाय.