न दिसलेला उतार

गोल्फच्या व्हिडिओ गेममध्ये चेंडू भोकाजवळच्या बारीक कापलेल्या गवतावर, म्हणजे ग्रीनवर, आला की पडद्यावर एक जाळी उमटते. जाळीच्या रेषांवरून ठिपके सरकत असतात. ठिपके डावीकडे सरकले तर उतार डावीकडे, भरभर सरकले तर उतार जास्त, जागीच राहिले तर जमीन सपाट. ‘पीजीए टूर २के’ मालिका असो की तिच्या आधीचे टायगर वुड्सच्या नावाचे गेम असोत, थोड्याफार फरकाने रीत हीच. नवखा खेळाडू उताराचा हिशेब सगळ्या वाटेला सारखा लावतो आणि तिथेच फसतो. चेंडूला बाजूला ओढणारा जोर वाटभर तेवढाच असला तरी शेवटच्या दोन-तीन फुटांत चेंडू रेंगाळतो, त्या जोराला काम करायला सवड मिळते आणि वळण डोळ्यांत भरते ते तिथेच. हे एकदा उमगले की माणूस भोकाजवळचे ठिपके आधी बघू लागतो. पण तेवढ्यात तो आणखी एक गोष्ट शिकलेला असतो आणि ती शिकल्याचे त्याच्या लक्षातही येत नाही: ठिपके हलत नसतील, तर तिथे उतार नाहीच. पहिली शिकवण भौतिकशास्त्राची आहे. ही दुसरी ज्ञानाबद्दलची आहे आणि वाटते तेवढी निरुपद्रवी नाही. न दिसण्यावरून नसणे ठरवता येते का, हा आपल्याकडच्या दर्शनांनी शतकानुशतके घोळवलेला प्रश्न. खालापूर तालुक्यात २०२३ च्या जुलैमध्ये त्याची किंमत माणसांना जिवाने मोजावी लागली.

सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टांनी अनुपलब्धीला, म्हणजे न दिसण्याला, स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे वेगळे साधन, मानले. जमिनीवर घट नाही, हे आपल्याला कसे कळते? डोळ्यांना दिसते ती जमीन. घटाचा अभाव काही डोळ्यांवर येऊन आदळत नाही. तेव्हा घट न दिसणे हेच त्याच्या अभावाच्या ज्ञानाचे साधन, असे त्यांच्या परंपरेतल्या भाट्ट मीमांसकांचे म्हणणे, आणि पुढे अद्वैत वेदान्तानेही ते उचलले. नैयायिकांना हे आणखी एक प्रमाण नको होते. अभाव प्रत्यक्षानेच कळतो आणि न दिसणे त्याला मदत करते, असे ते म्हणत. मीमांसेतल्याच प्रभाकराच्या अनुयायांनी तर अभाव नावाचा वेगळा पदार्थच नाकारला. भांडण मोठे आहे आणि त्यातले बरेचसे आज फक्त अभ्यासकांच्या कामाचे. पण त्या भांडणाच्या पोटात एक अट आहे, तिच्याबद्दल मात्र आश्चर्य वाटावे इतके एकमत आहे. नुसते न दिसणे पुरत नाही. ती वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. हिला योग्यता म्हणतात. सतराव्या शतकातल्या धर्मराज अध्वरींद्रांच्या ‘वेदान्तपरिभाषे’त हे नेमकेपणाने येते: लख्ख उजेडात घट दिसला नाही तर तो नाही म्हणता येते, अंधारात न दिसला तर तसे म्हणता येत नाही. बौद्ध धर्मकीर्ती मीमांसकांचा कडवा प्रतिपक्षी, पण तोही सांगतो की दिसण्याजोग्या वस्तूचे न दिसणेच अभाव सिद्ध करते. जी दिसण्याजोगीच नाही, ती न दिसल्याने फक्त संशय उरतो. वेद मानणारे आणि न मानणारे जिथे एका ओळीत उभे राहतात, तिथे थोडे थांबावे.

गेममध्ये ही अट आयती पुरी झालेली असते. चेंडूवर परिणाम करणारे जे काही आहे ते कोणीतरी लिहिलेले आहे. लिहिले नाही ते त्या जगात नाही. यावर जाणता खेळाडू म्हणेल की जाळी वेगळी आणि आतले गणित वेगळे. गणितात असलेले सगळे जाळी दाखवीलच असे नाही. बरोबर आहे. पण शेकडो फटके मारून झाल्यावर जाळी खरे बोलते की नाही हे खेळाडूला कळते, कारण त्याच जागेवरून त्याच जोराने तोच फटका पुन्हा मारून पाहता येतो. शिवाय वाद फारच पेटला तर ज्याने ते लिहिले त्याला विचारता येते. त्या जगाला कर्ता आहे आणि त्याचा ठावठिकाणा माहीत आहे. उदयनाचार्यांना ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वर सिद्ध करायला जे कष्ट उपसावे लागले ते इथे लागत नाहीत. कुमारिल मात्र जगाला कर्ता मानत नव्हते. सगळे काही दाखवून ठेवण्याची हमी घेणारा कोणी नाही, म्हणजे न दिसण्यावर भरवसा ठेवण्याआधी योग्यता दर वेळी तपासायची. आणि जो ईश्वर मानतो त्याची तरी यातून सुटका कुठे होते? त्याने डोंगर निर्माण केला असे धरले, तरी त्या डोंगरावर जाळी आणि ठिपके आखून दिले असे कोणत्याच धर्मग्रंथाने म्हटलेले नाही.

खऱ्या गोल्फमध्ये तरी काय आहे? ग्रीनचा वेग मोजायला स्टिम्पमीटर नावाची छत्तीस इंची खाचेची पट्टी वापरतात. एडवर्ड स्टिम्पसनने ती १९३५ मध्ये बनवली. पट्टी हळूहळू उचलायची, खाचेतला चेंडू सुटून घरंगळतो, तो किती फूट गेला ते मोजायचे. तो आकडा त्या घडीचा. दव पडले, गवत वाढले, ऊन झाले की बदलला. आणि गवताच्या पात्यांचा कल कोणत्या बाजूला आहे हे तो सांगतच नाही. २०२२ च्या आरंभापासून पीजीए टूरने ग्रीनच्या उतारांचे बारीक नकाशे असलेल्या पुस्तिका सामन्यात वापरायला बंदी केली. उतार वाचणे हे खेळाडूचे कसब आहे, ते छापील कागदावर सोपवू नये, असा त्यामागचा विचार. गेम ज्या दिशेने चालले आहेत त्याच्या बरोबर उलटी ही दिशा आहे, आणि माझा कौल टूरच्या बाजूने आहे.

यावर कोणी म्हणेल, योग्यतेची अशी अट धरून बसले तर माणसाला पाऊल टाकता येणार नाही. जगात संपूर्ण उजेड कुठेच नसतो. हा आक्षेप वजनदार आहे, पण अट समजून न घेता केलेला आहे. योग्यता म्हणजे सर्वज्ञता नव्हे. एका प्रश्नापुरता उजेड पुरेसा आहे का, एवढेच ती विचारते. कर्जत तालुक्यातला भातशेतकरी हे दर पावसाळ्यात करतो. खाचर डोळ्यांनी सपाट वाटते, पण डोळ्यांवर तो विसंबत नाही. बांध घालून पाणी अडवतो, चिखलणी करतो, फळी फिरवतो. पाणी स्थिर झाले की बोटभर उंचवटासुद्धा चिखलाची पाठ वर काढून उघडा पडतो. तो ओढून सारखा केला की मग लावणी. आता उंचवटा दिसत नाही म्हणजे तो नाही, असे बेलाशक म्हणता येते, कारण असता तर पाण्याने दाखवला असता. बांधापलीकडच्या वरकस जमिनीबद्दल हे पाणी काहीच सांगत नाही, आणि शेतकरीही त्याला ते विचारत नाही.

रेल्वेचेही असेच. बोरघाटातून कर्जत-खंडाळा रेल्वेमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. चढ ३७ ला १. हा आकडा इतका पक्का आहे की कर्जतला गाडीला मागून जादा इंजिने लावायची की नाही हे त्यावर ठरते. पण रुळांचा चढ काटेकोर मोजला म्हणून रुळांशेजारच्या कड्याबद्दल काही कळले, असे होत नाही. त्या कड्यावरून पावसाळ्यात दगड येतात. म्हणून रेल्वेची माणसे पावसाआधी घाटात चढून सैल झालेले दगड शोधतात आणि पाडतात. गेल्या वर्षीच्या तपासणीवर या वर्षीचा पाऊस काढला जात नाही. म्हणजे योग्यतेची अट पाळूनही गाड्या धावतात, घाट बंद पडत नाही. आक्षेपाला याहून वेगळे उत्तर द्यायची गरज नाही.

आरंभी उल्लेख केलेल्या खालापूर तालुक्यातली, इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी ही ठाकर आदिवासींची वस्ती. तिथे मोटार जात नव्हती, चौक गावाच्या बाजूने पायी चढूनच जावे लागे. १९ जुलै २०२३ च्या रात्री, सतत कोसळणाऱ्या पावसात, डोंगराचा भाग तिच्यावर आला. २७ मृतदेह मिळाले. ५७ जण बेपत्ता राहिले आणि चार दिवसांनी शोध थांबवला गेला. त्याआधी २०१४ मध्ये माळीण गाव असेच दरडीखाली गेले होते, २०२१ मध्ये याच रायगड जिल्ह्यातले तळिये. इर्शाळवाडीचे नाव दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हते, असे सरकारने विधिमंडळात सांगितले. हे विधान खोटे नव्हते. अडचण ते कोणत्या सुरात उच्चारले गेले त्यात आहे. यादीत नाव नसणे हे जणू धोका नसण्याचे प्रमाण होते आणि डोंगराने ते अनपेक्षितपणे मोडले, असा तो सूर. पण यादी म्हणजे जाळी. तिथले ठिपके हलत नव्हते एवढेच त्यातून कळते. धोका असता तर या यादीत तो दिसलाच असता, अशी तिची बांधणी होती का, हा प्रश्न आधी विचारायला हवा होता. तासाभराची चढण चढून त्या वाडीवरच्या मातीकडे, भेगांकडे, पाण्याच्या वाटांकडे पाहिल्याशिवाय त्याचे ‘होय’ असे उत्तर देता येत नाही. धर्मकीर्तीच्या हिशेबाने इथे फक्त संशय सिद्ध होता.

दुसरा आक्षेप धार्मिक आहे आणि तो दुःखात बोलला जातो, म्हणून त्याच्याशी जपून बोलावे लागते. जे घडायचे ते घडते. दैवापुढे यादीचे काय आणि पाहणीचे काय. कणादाच्या वैशेषिक सूत्रांत चुंबकाकडे सुई सरकते त्याचे कारण अदृष्ट, म्हणजे न दिसणारे, असे दिले आहे; दैवालाही आपण अदृष्टच म्हणतो. कारण असले पाहिजे पण सापडत नाही, तिथे अदृष्टाची जागा. सुईचे कारण सापडले तसे अदृष्ट तिथून उठले आणि कोणाच्या श्रद्धेला धक्का लागला नाही. दैव मानणाऱ्यालाही हे पटावे: जे पाहता येण्याजोगे होते आणि पाहिले नाही, त्याचा भार दैवावर टाकता येत नाही. गेलेल्यांच्या घरच्यांनी दैव म्हटले तर ते सांत्वन आहे; तेच कचेरीने म्हटले तर ती सबब होते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो. यादीपेक्षा डोंगरात राहणाऱ्यांचे ऐकावे, असे आपण सहज म्हणतो, आणि पुष्कळदा ते खरेच असते; पाण्याची वाट बदलली, झरा अचानक गढूळ झाला, हे तिथल्या माणसाला आधी कळते. पण समजा एखाद्या वाडीत आजोबा-पणजोबांच्या काळापासून दरड पडल्याची आठवण नाही. तीही अनुपलब्धीच, आणि डोंगराच्या दोन दरडींमधले अंतर माणसांच्या चार पिढ्यांहून मोठे असू शकते. मग त्या आठवणीलाही योग्यता नाही. अट दोघांनाही सारखीच लागू पडते, तिला सरकारचा कागद आणि गावाचा अनुभव असा भेद नाही. फरक एवढाच की चूक झाली तर वाडीतला माणूस तिच्याखाली झोपलेला असतो, यादी करणारा नसतो. म्हणून तपासण्याचे ओझे यादी करणाऱ्यावर जास्त. धोक्याच्या गावांची यादी केली की ‘पाहिले, धोका आढळला नाही’ आणि ‘पाहिलेच नाही’ या दोन्ही प्रकारची गावे सारखीच यादीबाहेर राहतात. त्यांना वेगवेगळे लिहायला एक जादा रकाना लागतो: कोण चढले, कोणत्या महिन्यात, आणि काय काय पाहिले.