सिद्धी, पदवी आणि पात्राचे नाव

मेजाभोवती बसून, फासे टाकत आणि कथा रचत खेळल्या जाणाऱ्या अनेक भूमिकाखेळांत प्रत्येक पात्राला एक 'क्लास', म्हणजे त्याचे सामर्थ्य व मर्यादा ठरवणारा वर्ग असतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांच्या १९७४ मधील 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये असे तीनच वर्ग होते. योद्धा व जादूगार यांच्या जोडीला तिसरा होता 'क्लेरिक', म्हणजे ख्रिस्ती धर्मसेवकाचे नाव धारण करणारा वर्ग. त्याच्या चढत्या पातळ्यांना दिलेल्या पदव्यांत बिशपच्या वर 'लामा' आणि लामाच्या वर 'पेट्रिआर्क', म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रमुख, येत असे. तिबेटी बौद्ध परंपरेत लामा हा शिष्याला मार्ग दाखवणारा गुरू असल्याने, त्याला परक्या धर्माधिकाऱ्यांच्या शिडीतली पायरी करणे हा, अजाणतेपणी का होईना, अन्यायच होय.

त्याहून गंभीर प्रश्न असा, की साधकाची योग्यता शक्तीने मोजता येते काय? पतंजलींच्या योगसूत्रांचा तिसरा पाद सिद्धींचे, म्हणजे साधनेतून लाभणाऱ्या अलौकिक शक्तींचे, विस्ताराने वर्णन करतो आणि त्याच शक्ती समाधीच्या आड येतात, असेही बजावतो. त्यामुळे 'योगी' नावाचा वर्ग रचून प्रत्येक पातळीवर त्याला नवी सिद्धी बहाल केली, तर नाव योग्याचे राहील, पण वाटचाल उलट्या दिशेने होईल. खेळाला शक्तींची चढण लागते, आणि ती मागणी गैर नाही. मात्र अशा वर्गाला 'मांत्रिक' हे नाव अधिक प्रामाणिक ठरेल. ज्या रचनाकाराला योग्याचेच नाव हवे, त्याने हाती आलेली सिद्धी वापरण्याचे नाकारल्यावरच पात्र पुढच्या पातळीवर जाईल, असा नियम लिहावा.