ओंकारेश्वराची परिक्रमा : नावेने आणि पायी



बुऱ्हाणपूरहून खंडव्यावरून ओंकारेश्वर तसं जवळच. आपण जातो, दर्शन घेतो, पुलावरून परत येऊन गाडीत बसतो. पण मांधाता हे बेट आहे, एका अंगाला नर्मदामैया, दुसऱ्या अंगाला कावेरी. ते फिरायचं राहूनच जातं. या वेळी आम्ही दोघांनी ठरवलं, नावेने पलीकडे जायचं आणि साधारण ७ किलोमीटरची परिक्रमा पायी करायची.

नावेत आपण नुसतं बसायचं, नेणारा नावाडी. गुरुकृपा अशीच असते. पण उतरल्यावर पाय आपलेच! यांचे गुडघे दुखतात, म्हणून थोडं चालायचं, थोडं टेकायचं, नाम मात्र चालू.

संगमाजवळ ऋणमुक्तेश्वर आहे. ऋण फिटावं म्हणून तिथे चण्याची डाळ वाहतात. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण आपण सत्संगात ऐकतो. पण नवरा-बायकोचं एकमेकांवर जे ऋण असतं, ते कोण मोजतं? आजारपणातली जागरणं, गिळून टाकलेला राग, न मागता पुढे आलेला चहा. आम्ही डाळ वाहिली, तेव्हा हे हळूच म्हणाले, "बँकेचं फिटलं. तुझं फेडायला ही डाळ पुरायची नाही."

पुढे चढण आहे, वर गौरी सोमनाथाचं भलंमोठं शिवलिंग. एकट्याच्या कवेत मावत नाही. आम्ही दोघांनी दोन बाजूंनी हात लावले.

जाणार असाल तर पहाटेच निघा, पाणी सोबत घ्या, आणि प्रसाद माकडांपासून सांभाळा!