टाचेतला लेहरा

सिंगापूरच्या बऱ्याच शाळांत डिस्प्ले बँड असतो. वाद्यं अंगावर चढवून, मैदानभर आकृत्या रेखत वाजवायचं. त्यातला मला सर्वांत ओढणारा भाग म्हणजे ड्रमलाइन, आणि तिच्या चालता चालता वाजवायच्या रचना, कॅडन्स.

ईस्ट कोस्टला, मरीन परेडच्या एखाद्या इमारतीच्या व्हॉइड डेकवर, म्हणजे तळमजल्याच्या मोकळ्या जागेत, कधी कधी एखादा मुलगा रबरी पॅडवर काठ्या चालवत जागच्या जागी पावलं टाकताना दिसतो. दोन पावलांच्या जागेत तो तीन आघात बसवतो, मग चारांच्या जागेत पाच. तबलजीच्या भाषेत ही आड लय, कुआड लय. पण तबलजी बसलेला असतो आणि लेहरा, म्हणजे तालाचं आवर्तन दाखवणारी सुरावट, धरायला शेजारी पेटी असते. या मुलाचा लेहरा त्याच्या टाचेत आहे.

आपल्या ढोल-ताशा पथकात लय बाहेर असते. ढोलाचा ठोका अख्ख्या लक्ष्मी रोडला ऐकू जातो, ताशाची तर्री त्यावर खेळते. वादक दोन पावलं पुढे सरकला, थबकला, तरी हात बिघडत नाही. ड्रमलाइनच्या अवघड जागी मात्र मूळ ठोका कोणीच वाजवत नाही. तो फक्त पावलांत उरतो, आणि पाऊल चुकलं तर हातही गेले.

हे अंगात उतरवून पाहायचं तर ईस्ट कोस्ट पार्कसारखी जागा नाही. १९६६ मध्ये सुरू झालेल्या भरावातून समुद्रात पुढे आलेली ही जमीन, सपाट आणि लांबलचक. इथे रूपक मोजत चालावं. सात मात्रांमुळे एक सम डाव्या पायावर पडते, पुढची उजव्या. चौदा पावलांनी ती पुन्हा डावीकडे येते. झपताल आणखी देखणा. त्याच्या दहा मात्रांत सम दर वेळी डाव्याच पायावर, पण खंड दोन-तीन-दोन-तीन असल्यामुळे पहिले दोन खंड डाव्या पायाने सुरू होतात आणि पुढचे दोन उजव्या. म्हणजे सहाव्या मात्रेवरची खाली नेमकी उजव्या पावलावर येते. बसून ताल देताना खालीला हात नुसता उलटतो. चालताना सगळं अंगच कूस बदलतं. पाच-सात मात्रांच्या कॅडन्समध्ये ही मुलं हेच करत असतात, तेही गळ्यात ड्रम घेऊन.

इतिहासकार विल्यम मॅकनील १९४१ मध्ये टेक्ससच्या छावणीत कवायत शिकले. एकत्र पावलं टाकताना माणसं आतून जोडली जातात, हा त्या अनुभवातून सुचलेला विचार त्यांनी १९९५ च्या पुस्तकात मांडला. तो मला पटतो. वारीतली पावली पाहिलेल्या कोणालाही पटेल. पण ड्रमलाइन त्याच्यापुढे जाते, असं मला ठामपणे वाटतं. कवायतीत सगळ्यांनी एकसारखंच करायचं असतं. इथे पाय एकसारखे असतात ते हात वेगळे राहावेत म्हणून.

बास ड्रमवाल्यांकडे पाहावं. बहुधा पाच जण, प्रत्येकाचा ड्रम वेगळ्या आकाराचा, वेगळ्या सुराचा. धावती ओळ पाचांत वाटलेली असते: एकाचा एक आघात, लगेच दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा, क्षणाच्याही अंशात. ज्याच्या वाट्याला चौथा आघात आहे, त्याने तिसऱ्याचा ऐकून वाजवायचं म्हटलं तर उशीर झालेला असतो. आधीचे तिन्ही त्याला पायात मोजावे लागतात.